अटक नाही, ताबा : मित्राला जास्त झाली तर?

हेडफोन लावलेत ना? आज एक किस्सा सांगतो, जो मी घरी कधीच सांगितलेला नाही.

बॉस्टनला एमएस करत होतो. फेब्रुवारीची रात्र, सगळीकडे बर्फ. पार्टीहून येताना माझा रूममेट फुटपाथवरच बसला. हाक मारली तर नुसतं हूं हूं. कुणीतरी म्हणालं, ९११ लावूया. मीच अडवलं. म्हटलं, "पोलीस आले की केस होणार, करिअरची वाट लागणार." आम्ही वाद घालत राहिलो आणि तो तिथे गारठत होता. शेवटी रस्त्याने जाणाऱ्या एका बाईंनी फोन केला.

अँब्युलन्सवाल्यांनी त्याला तपासलं आणि पोलीस स्टेशनवर घेऊन गेले. मला वाटलं, संपलं सगळं. पहाटे पठ्ठ्या चालत घरी! केस नाही, कोर्ट नाही.

मग मी कायदा शोधला. याला म्हणतात प्रोटेक्टिव्ह कस्टडी. नेवाडा राज्यात पूर्ण नावच सिव्हिल प्रोटेक्टिव्ह कस्टडी आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये हा कायदा १९७१ सालचा. माणूस दारूने बेशुद्ध असेल, त्याला उपचारांची गरज असेल किंवा तो स्वतःला अथवा दुसऱ्याला इजा करेल असं दिसत असेल, तर पोलीस त्याच्या मर्जीशिवायही त्याला घरी, उपचार केंद्रात किंवा स्टेशनवर नेऊ शकतात. ठेवायचं ते शुद्धीवर येईपर्यंत, फार तर १२ तास. त्याला एक फोन करता येतो, श्वासाची चाचणी मागता येते. नोंद होते, पण ती अटक धरली जात नाही.

भारी वाटतं ना? पण थांबा. स्टेशन म्हणजे हॉस्पिटल नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी असणं हाच गुन्हा होता. डिसेंबर २०१७ मध्ये टान्या डे या आदिवासी महिलेला ट्रेनमधून उतरवून, नशा उतरेपर्यंत कोठडीत ठेवलं. तिथे पडून त्यांच्या डोक्याला मार लागला आणि त्या गेल्या. त्यांच्या कुटुंबाने लढा दिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो गुन्हा रद्द झाला.

म्हणजे कायदा चांगला असला तरी, त्या माणसाकडे कुणीतरी लक्ष ठेवून आहे की नाही, यावर सगळं अवलंबून.

आणि ते 'कुणीतरी' बहुतेक वेळा आपणच असतो. म्हणून लक्षात ठेवा. मित्राला एकटं सोडू नका. "झोपू दे, उतरेल" म्हणून दार लावून जाऊ नका. कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी झाली तर श्वासनलिकेत जाणार नाही. कॉफी, गार पाण्याची आंघोळ, काही उपयोग नाही. हाका मारून, हलवूनही जाग येत नसेल, श्वास फार संथ असेल, अंग गार किंवा निळसर पडलं असेल, तर महाराष्ट्रात १०८, नाहीतर ११२.

केसचं नंतर बघता येतं. त्या रात्री त्या बाई तिथून गेल्या नसत्या तर? हा प्रश्न मला अजून पडतो.

काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.