पाहुणीनं विचारलं म्हणून
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

सदाशिव पेठेत राहणाऱ्या बाईनं पाहुणचारावर बोलायचं म्हणजे लोक आधीच हसायला लागतात. दारावरची पाटी, दुपारची एक ते चारची झोप आणि 'जेवूनच आला असाल ना?' हा प्रश्न एवढ्यावर आमची कीर्ती पसरलेली आहे. तिच्यात तथ्य किती, हा वाद मी आज घालणार नाही. मला सांगायचं आहे ते आमच्या घरी नऊ महिने राहून गेलेल्या एका परदेशी पाहुणीबद्दल. परदेशात गेल्यावर माणसाच्या लक्षात काय राहतं, हे मला तिच्यामुळे कळलं.

2010 सालच्या जूनमध्ये ती आली. जर्मनीतल्या एका विद्यापीठात मराठी शिकत होती, वय तेवीस. ओळखीतून विचारणा झाली आणि माडीवरची खोली रिकामी होती, म्हणून आम्ही हो म्हटलं. मी तेव्हा शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. शिक्षकाची सवय जात नाही. ती येण्याआधीच मी तक्ता तयार केला. पहिल्या आठवड्यात शनिवारवाडा, विश्रामबागवाडा आणि केळकर संग्रहालय. दुसऱ्यात आगाखान पॅलेस आणि पर्वती. पावसाचा जोर पाहून सिंहगड, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. बिचारी सगळीकडे आली. वहीत टिपून घेतलं, फोटो काढले, 'खूप छान' म्हणाली. पण 'खूप छान' हे ती आमच्या नळाच्या पाण्यालाही म्हणत असे.

मग जुलैत पालख्या आल्या. आमच्याकडे रीत ठरलेली. लक्ष्मी रस्त्यावर जायचं, गर्दीत उभं राहून माउलींच्या आणि तुकोबांच्या पालखीचं दर्शन घ्यायचं, वारकऱ्यांना राजगिऱ्याचे लाडू वाटायचे आणि घरी यायचं. तीही आली. रात्री जेवताना म्हणाली, ''काकू, मला सासवडपर्यंत चालायचं आहे.''

मी लगेच नाही म्हटलं. कारणंही भराभर दिली. तीस किलोमीटर चालणं, त्यात दिवेघाटाची चढण, पाऊस, लाखोंची गर्दी, एकटी मुलगी. सगळी कारणं खरी होती. पण माझ्या मनातलं कारण यांपैकी एकही नव्हतं, हे आज कबूल करते. मला भीती होती ती तिच्या डोळ्यांची. रस्त्याकडेचा चिखल, पत्रावळींचे ढीग, उघड्यावर अंघोळी करणारी माणसं हे सगळं तिनं पाहिलं, तर आमच्याबद्दल काय म्हणेल? तक्ता करून मी तिला पुणे दाखवत होते आणि त्याच तक्त्यानं पुणे लपवतही होते.

तिनं वाद घातला नाही. वर गेली आणि एक झेरॉक्स प्रत घेऊन आली. इरावती कर्वे यांच्या 'वाटचाल' या लेखाचं ते इंग्रजी भाषांतर होतं. इरावतीबाई आमच्या पुण्याच्या, बर्लिनला जाऊन डॉक्टरेट मिळवून आलेल्या. त्या वारीत चालल्या आणि त्यावर त्यांनी लिहिलं, हे मला ठाऊक होतं. मूळ लेख असलेलं 'परिपूर्ती' आमच्या कपाटात होतं. शेजारीच दि. बा. मोकाशी यांचं 1964 सालचं 'पालखी'. दोन्ही पुस्तकं मी वाचली होती, त्यांवर बोललेही होते. चालले मात्र कधीच नव्हते.

जवळच्या एका शाळेत मराठवाड्यातली एक दिंडी उतरली होती. आमचे हे तिला घेऊन गेले, दिंडीच्या प्रमुखांशी बोलले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती त्यांच्याबरोबर निघाली.

रात्री उशिरा एसटीनं परतली. पायांना फोड आलेले, कपडे गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. मी गरम पाण्याची बादली पुढे केली. पाय बादलीत सोडून ती बोलत राहिली. हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या ते, घाटात रथ ओढायला बैलांच्या जादा जोड्या लावल्या ते. एका म्हाताऱ्या बाईंनी डोक्यावरचं तुळशीवृंदावन उतरवून थोडा वेळ हिच्या डोक्यावर ठेवलं होतं. ''त्यांनी माझा देश विचारला नाही,'' ती म्हणाली. ''नावही नाही विचारलं. माउली म्हणाल्या. मग मी पण त्यांना माउली म्हणाले.''

चिखलाचा उल्लेख तिनं एकदाच केला. घाटात घसरली तेव्हा तिघींनी मिळून धरलं, एवढंच.

मग तिनं सहज विचारलं, ''काकू, तुम्ही किती वेळा चाललात?''

मी काही बोलले नाही. तेवढ्यात कोपऱ्यातून माझ्या सासूबाईंचा आवाज आला. ''मी चाललेय. दोनदा.''

सासूबाई तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांचं माहेर सासवडचं, हे मला माहीत होतं. पण त्यांचे वडील दर वर्षी आळंदीला जाऊन पालखीबरोबर घरापर्यंत चालत येत आणि चौदा-पंधरा वर्षांच्या या मुलीलाही त्यांनी दोन वर्षं बरोबर नेलं होतं, हे मला माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. लग्न होऊन मला तीस वर्षं झाली होती.

''आई, तुम्ही कधी सांगितलं नाहीत,'' मी म्हटलं.

''या घरात वारीला जायची पद्धत नव्हती,'' त्या म्हणाल्या. ''आणि कुणी विचारलंही नाही.''

त्या रात्री बारा वाजेपर्यंत सासूबाई बोलत होत्या आणि जर्मनीची मुलगी वहीत लिहून घेत होती. मी मात्र माझ्याच स्वयंपाकघरात पाहुणीसारखी बसून होते.

तेव्हापासून माझा तक्ता मागे पडला. सकाळी तिनं आईंबरोबर पारिजातकाची फुलं वेचायची, गुरुवारी माझ्याबरोबर मंडईत पिशवी धरायची, चतुर्थीच्या आधी मोदकाच्या पाऱ्या करायला बसायचं. तिच्या पाऱ्या फाटायच्या. आई म्हणायच्या, ''फाटू देत. गणपतीला चालतात.''

पुढल्या वर्षी, ती परत जायच्या आधी, आम्ही तिला वेळासला घेऊन गेलो. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, बाणकोटजवळचं हे समुद्रकाठचं गाव. नाना फडणवीसांचं गाव म्हणून पुणेकरांना त्याची जुनी ओळख. आता लोक जातात ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत दीड-दोन फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसं पळवत, उरलेली कुत्रे-कोल्हे उकरत. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेनं 2002 साली गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम सुरू केलं. अंडी उचलून कुंपण घातलेल्या जागेत तशाच खड्ड्यांत पुरायची, वर टोपली झाकायची आणि वाट पाहायची. पन्नासएक दिवसांनी पिल्लं वर येतात. 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला आणि गावातल्या घरांमधून पाहुण्यांची राहण्या-जेवण्याची सोय होऊ लागली.

आम्ही पोचलो त्या संध्याकाळी टोपल्या उचलल्या, खाली नुसती वाळू. दोनशे किलोमीटर गाडी चालवून आलेली मंडळी वैतागली. काही जण रात्रीच परत फिरले. ''निदान एखादं तरी दाखवायला हवं होतं,'' असं एक गृहस्थ म्हणालेही. आम्ही मुक्कामाला राहिलो. ज्या घरी उतरलो होतो तिथे आमची पाहुणी घरच्या वहिनींबरोबर नारळ खवायला बसली. वहिनींच्या यजमानांनी लहानपणी ही अंडी खाल्ली होती आणि आता तेच पहाटे उठून किनाऱ्यावर मादीच्या पावलांच्या खुणा शोधत फिरत होते. हे महोत्सवाच्या पत्रकात नव्हतं. नारळ खवता खवता कळलं.

सकाळी टोपलीखाली चार पिल्लं होती, तळहातात मावतील एवढी. त्यांना उचलून पाण्यात सोडत नाहीत. लाटेपासून काही अंतरावर वाळूत ठेवतात आणि समुद्रापर्यंत त्यांची ती चालत जातात. एक पिल्लू लाटेनं दोनदा मागे फेकलं. दोरीमागची सगळी माणसं गप्प उभी होती. तिसऱ्यांदा ते गेलं. आदल्या रात्री परतलेल्या गृहस्थांनी काय गमावलं, याचा मी परतीच्या वाटेवर विचार करत होते. आणि त्या आधीच्या वर्षभरापर्यंत मीही त्यांच्यातलीच होते, याचाही.

ती मार्चमध्ये गेली. त्याच वर्षी, 2011 च्या वारीत, मी पुणे ते सासवड चालले. निघताना आई एवढंच म्हणाल्या, ''घाटमाथ्यावर पोचलीस की मागे वळून बघ.'' मी बघितलं. खालपासून वरपर्यंत घाटाच्या प्रत्येक वळणावर पताका आणि माणसं होती, आणि टाळांचा आवाज खालून वर येत होता. घरी आल्यावर आईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, ''पाऊस होता का?'' मी म्हटलं, ''होता.'' त्यांना बरं वाटलं.

2013 साली आई गेल्या. पुढच्या वर्षी आम्ही दोघं युरोपला गेलो. दहा दिवसांत सहा देशांची सहल, बसमधून उतरा, फोटो काढा, बसमध्ये चढा. मी तिला नावं ठेवणार नाही. आमच्या वयाला ती सोयीची असते आणि तिथे थालीपीठसुद्धा मिळालं. पण सहल संपल्यावर आम्ही चार दिवस मागे राहिलो आणि आमच्या पाहुणीच्या आजोळी गेलो. बव्हेरियाच्या पूर्व टोकाला, चेक सीमेजवळ, जंगलाच्या कडेचं गाव. तिची आजी ऐंशीच्या घरातली. सप्टेंबर महिना होता. आजीनं मला विचारलं, जवळचा राजवाडा बघायचा की तिच्याबरोबर अळंब्या वेचायला यायचं? मी तत्काळ अळंब्या म्हटलं.

हातात वेताची टोपली आणि छोटी सुरी. देवदारासारख्या उंच झाडांखाली शेवाळं एवढं मऊ की पाय रुतत होता. आजी वाकायची, अळंबी उलटी करून खालची बाजू बघायची, वास घ्यायची. मी एक देखणी लाल अळंबी दाखवली तर तिनं माझा हातच धरला. ''ओळख पटली नाही तर हात लावायचा नाही.'' नातीनं भाषांतर करून सांगितलं आणि मला माझी आजी आठवली. पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू, शेवळं खुडायला जाताना तीही हेच सांगायची.

चालता चालता मी विचारलं, ''आजी, तुम्ही दर वर्षी येता का?''

आजी थांबली. म्हणाली, ''मधे बरीच वर्षं आले नाही.'' 1986 च्या एप्रिलअखेर चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. तो ढग इथवर आला आणि पावसाबरोबर खाली उतरला. ताजं दूध पिऊ नका, पालेभाजी खाऊ नका, मुलांना वाळूत खेळू देऊ नका, अशा सूचना आल्या. आजीनं परसातली सगळी भाजी उपटून टाकली. तिची मुलगी तेव्हा गरोदर होती, तिला तिनं कित्येक दिवस दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. आणि जंगल तर तिनं सोडूनच दिलं. शेतातल्या मातीपेक्षा जंगलातली माती ते किरणोत्सारी सीझियम फार काळ धरून ठेवते. तिथल्या रानडुकराचं मांस आजही तपासून विकतात.

सांगता सांगता नात भाषांतर करायची थांबली. मराठीत मला म्हणाली, ''काकू, तेव्हा आईच्या पोटात मी होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.''

आजीनं काहीतरी विचारलं. नातीनं उत्तर दिलं. दोघी त्या शेवाळावर उभ्या राहून बराच वेळ बोलत होत्या. मला एक अक्षर कळत नव्हतं. पण मी हे आधी एकदा माझ्या स्वयंपाकघरात पाहिलं होतं.

संध्याकाळी आजीनं त्या अळंब्या लोण्यात परतल्या. आम्ही खाल्ल्या. आता थोड्या खाल्ल्या तर चालतात, असं तीच म्हणाली.

श्रोतेहो, आता आपल्याकडून घरटी एकजण तरी परदेशी जातो, आणि तिकडचेही इकडे येतात. जाणाऱ्यांना मी एकच सांगते. यादीतली ठिकाणं अवश्य बघा, पण एक दिवस मोकळा ठेवा आणि त्या दिवशी कुणाच्या तरी रोजच्या कामाला हात लावा. भाजी निवडा, टोपली धरा, चार पावलं बरोबर चाला. आणि विचारा. परक्या माणसाला साधे प्रश्न विचारायची मुभा असते, ती घरच्यांना राहत नाही.

आणि ज्यांच्याकडे पाहुणे येणार असतील त्यांना सांगते, घर फार आवरू नका. पाहुण्याला गाव दाखवायला निघण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ जरा बसा. मला तीस वर्षं वेळ होता. जे विचारलं, ते एका पाहुणीनं.