कौटुंबिक हिंसा : मोजणी आणि उपचार

कुटुंबातील हिंसा ही पोलीस ठाण्याची आणि न्यायालयाची बाब, असे मानण्याची रीत दीर्घकाळ होती. १९९६ साली जागतिक आरोग्य सभेने हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचा ठराव केला, आणि गुन्हा कोणी केला एवढ्यावर न थांबता, किती स्त्रियांना हिंसा सोसावी लागते, तिचे शरीरावर व मनावर कोणते परिणाम होतात आणि ती कशाने कमी होते, याचा शोध साथीच्या रोगाइतक्याच काटेकोरपणे घेण्याच्या प्रयत्नांना बळ मिळाले.

या संशोधनातील सर्वांत अवघड भाग मोजणीचा आहे. ‘घरात छळ होतो का’ असे सरळ विचारले, तर अनेक स्त्रिया ‘नाही’ म्हणतात, कारण रागाच्या भरात उठलेला हात हा संसाराचाच भाग, असे त्यांच्या मनावर लहानपणापासून बिंबवलेले असते. म्हणून अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीत हिंसेचे नाव न घेता एकेका कृतीविषयी विचारले जाते. तिच्यावर बेतलेली प्रश्नावली भारताच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वापरतात: पतीने कधी थोबाडीत मारली का, हात पिरगाळला किंवा केस ओढले का, ढकलले किंवा काही फेकून मारले का, लाथ मारली किंवा फरफटत नेले का, गळा दाबण्याचा प्रयत्न केला का. या मोजपट्टीवरचा आक्षेपही रास्त आहे. ती कृती मोजते, पण त्या कृतीमागची दहशत, म्हणजे दारात पावलांचा आवाज आला की जीव मुठीत धरणे, तिच्या चौकटीत मावत नाही.

प्रश्न विचारण्यातही धोका असतो. पत्नीने परक्या माणसाला काय सांगितले हे पतीला कळले, तर मुलाखतच पुढच्या मारहाणीचे निमित्त ठरू शकते. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये घालून दिलेल्या नीतिनियमांनुसार एका घरातील एकाच स्त्रीला हे प्रश्न विचारायचे असतात आणि तेही पूर्ण एकांतात. सासू, दीर किंवा कळत्या वयाचे मूल जवळ आले, तर विषय तिथेच बदलायचा असतो. संशोधनाची अचूकता आणि स्त्रीची सुरक्षितता या दोन गोष्टी येथे वेगळ्या काढता येत नाहीत, कारण भ्यालेली स्त्री खरे उत्तर देत नाही.

मुंबईत देवनार येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१९ ते २०२१ या काळात केलेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या विवाहित वा पूर्वविवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले; महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के होते. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाची मदत मागितली होती, आणि ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागणे तर दूरच, कोणाजवळ त्याचा उच्चारही केलेला नव्हता. पोलिसांच्या नोंदींवरून या दुःखाचा अंदाज बांधणे किती फसवे आहे, हे यावरून दिसते. भाजून होणाऱ्या मृत्यूंचेही तसेच आहे: २००१ या एका वर्षात भारतात आगीमुळे सुमारे १ लाख ६३ हजार मृत्यू झाले, त्यांत १ लाख ६ हजार स्त्रिया होत्या आणि त्यांतील बहुतेक १५ ते ३४ वयोगटातील होत्या, असा अंदाज २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पोलिसांकडील आकडा त्याच्या सहाव्या हिश्शाइतकाच होता. यांतील प्रत्येक मृत्यू हिंसेचा होता असे म्हणता येत नाही. पण तरुण स्त्रियाच इतक्या मोठ्या संख्येने का जळतात, हा प्रश्न केवळ स्टोव्हच्या भडक्याने सुटत नाही.

पोलिसांकडे न जाणारी स्त्री दवाखान्यात मात्र येते. हे ओळखून मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. सरकारी रुग्णालयाच्या आतच चालणारे असे देशातील ते पहिले केंद्र होय. जिन्यावरून पडल्याचे सांगणारी पण डोळ्याखाली मार असलेली, ‘चुकून’ फिनेल प्यायलेली, किंवा कारण न सापडणाऱ्या अंगदुखीसाठी पुन्हा पुन्हा बाह्यरुग्ण विभागात येणारी स्त्री ओळखून तिला आडोशाला नेऊन विचारण्याचे प्रशिक्षण रुग्णालयाच्याच परिचारिकांना आणि डॉक्टरांना देण्यात आले. घरी परत जाणे धोक्याचे वाटले, तर देखरेखीच्या कारणाने तिला वॉर्डात दाखल करून घेण्याची सोयही ठेवण्यात आली.

केसपेपरवर ‘पडून दुखापत’ एवढेच लिहिणे आणि ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार पतीने गळा दाबला’ असे लिहिणे यांत फार मोठे अंतर आहे. ज्या स्त्रीचा गळा जोडीदाराने पूर्वी दाबलेला असतो, तिची पुढे त्याच्याच हातून हत्या होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, असे अमेरिकेतील अभ्यासांत आढळले आहे. मानेवर वळ नसले तरी ‘गळा दाबला का’ हा प्रश्न विचारायलाच हवा, तो त्यासाठी. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या सातव्या कलमान्वये अशा स्त्रीला वैद्यकीय मदत देणे रुग्णालयाच्या प्रमुखावर बंधनकारक आहे, आणि तिने आधी कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे झालेल्या हिंसेची अधिकृत नोंद, दाखल केलेला नाही, या सबबीवर ती मदत नाकारता येत नाही.