परवाना कोणाच्या नावावर?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला विषयाची मोकळीक दिली, पण अट एकच घातली, ‘वकीलसाहेब, जेवण गार होऊ देऊ नका.’ तेव्हा थोडक्यात बोलतो. विषय सिनेमाचा आहे, पण हिरो-हिरॉइनचा नाही. थिएटरच्या परवान्यावरून भागीदारांची जी भांडणं होतात, त्यांचा आहे.

तुमच्यातल्या साठी ओलांडलेल्या सगळ्यांनी सिंगल स्क्रीनच्या खिडकीवर रांग लावली असेल. ते थिएटर चालवायचं तर नुसती जागा आणि मशीन असून भागत नाही, सरकारी परवाना लागतो. आपल्याकडे त्यासाठी १९५३ चा सिनेमा नियमन कायदा आहे. मुंबईत पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात कलेक्टर परवाना देतात. बाहेर पडायचे दरवाजे, वायरिंग, आगीची व्यवस्था, खुर्च्यांमधली वाट हे सगळं बघून तो मिळतो. मुदत संपली की नूतनीकरण करावं लागतं, आणि परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

आता समजा, दोन मित्रांनी मिळून थिएटर काढलं. एकाची जागा, दुसऱ्याचा पैसा. ऑफिसात खेटे घालणारा एकच, म्हणून परवानाही त्याच्या एकट्याच्या नावावर. वीस वर्षं कोणी विचारलं नाही, कारण दोघांचा एकमेकांवर विश्वास. मग एक जण गेला. त्याचा मुलगा हिशेब मागायला आला, तर काका म्हणाले, ‘परवाना माझ्या नावावर आहे, थिएटर माझं.’

काकांचं म्हणणं कायद्यात टिकतं का? नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं १४ वं कलम सांगतं की धंद्यासाठी आणलेली किंवा धंद्याच्या पैशातून घेतलेली मालमत्ता आणि हक्क हे फर्मचे असतात, वेगळं ठरलं नसेल तर. १८८२ च्या न्यास कायद्याचं ८८ वं कलम आणखी पुढे जातं. भागीदाराने आपल्या स्थानाचा उपयोग करून एकट्यासाठी काही फायदा मिळवला, तर तो त्याने बाकीच्यांसाठी धरून ठेवलेला आहे असं मानलं जातं. म्हणजे कागदावर नाव एकाचं असलं, तरी हिशेब सगळ्यांचा.

पण मुलाने एवढ्यावर खूश होऊ नये. परवाना देणारा अधिकारी भागीदारांच्या वह्या तपासत बसत नाही. इमारत सुरक्षित आहे का आणि जागेचा ताबा कायदेशीर आहे का, हे तो बघतो. तामिळनाडूतल्या चोकलिंगम खटल्यात भाडेपट्टा संपल्यावरही थिएटरचा ताबा धरून बसलेल्यांनी नूतनीकरण मागितलं होतं. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसता ताबा पुरेसा नाही, तो कायदेशीर हवा. भागीदारांच्या भांडणात नेमकं हेच दुखणं होतं. जागा एकाच्या घरच्यांची, परवाना दुसऱ्याचा, आणि तिकिटाच्या गल्ल्यावर तिसराच.

‘वरून फोन करून घेऊ’ म्हणणारेही असतात. त्यांच्यासाठी आपल्या अंधेरीची गोष्ट. गोरधनदास भानजी यांना अंधेरीत थिएटर बांधायची परवानगी १९४७ साली पोलीस आयुक्तांनी दिली, आणि मग सरकारच्या सांगण्यावरून ती रद्द झाल्याचं कळवलं. १९५१ साली सुप्रीम कोर्टाने ते रद्द करणं मान्य केलं नाही. ज्याच्या हातात अधिकार, त्यानेच स्वतः विचार करून तो वापरायचा, दुसऱ्याच्या हुकमाने नाही.

आता फर्मचं काय? करारात वेगळं लिहिलं नसेल तर एक भागीदार गेला की फर्म मोडते. दोनच भागीदार असतील तर लिहूनही उपयोग नाही, एकट्याची भागीदारी होत नाही. फर्म नोंदलेली नसेल तर कराराच्या हक्कासाठी भागीदाराला दावाही लावता येत नाही. महाराष्ट्रात तर १९८४ च्या दुरुस्तीने फर्म मोडण्याच्या आणि हिशेबाच्या दाव्याचं दारही बहुतेक बंद केलं होतं. २००९ साली सुप्रीम कोर्टाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली.

दावे चालतात वर्षानुवर्षं. तोवर परवान्याची मुदत संपते आणि थिएटरला कुलूप लागतं. शेवटी वाटणीला उरतं काय? गंजलेल्या खुर्च्या आणि थकलेलं लाइट बिल.

आणखी एक गोष्ट फार गंभीर आहे. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमाला आग लागली, ५९ माणसं गेली. मालकांच्या बाजूने बचाव झाला की संचालकपद तर आधीच सोडलं होतं. कोर्टाने कारभार प्रत्यक्षात कोणाच्या हातात होता ते पाहिलं आणि दोषी धरलं. परवाना ही आधी जबाबदारी आहे, मिळकत नंतर. तो भांडणात लोंबकळत असला की दरवाजे आणि वायरिंग तपासायचं कोणी, हाच प्रश्न पडतो.

तुम्ही म्हणाल, आमच्यापैकी कोणाचं थिएटर आहे? नसेल. पण शेअर सर्टिफिकेट आहे ना! त्यावरही घरोघरी हेच चालतं. ‘नॉमिनेशन माझं, म्हणजे फ्लॅट माझा.’ तसं नाही हो. इंद्राणी वाही खटल्यात २०१६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की संस्थेने नॉमिनीच्या नावे हस्तांतर करायचं, पण मालकीचा वारसांचा हक्क त्याने संपत नाही. आपल्या सहकार कायद्यातही २०१९ पासून नॉमिनी हा तात्पुरता सभासद आहे, वारस ठरेपर्यंत.

म्हणून जाता जाता तीन विनंत्या. भागीदारीत धंदा असेल तर करार लिहा, फर्म नोंदवा, परवाना फर्मच्या वतीने आहे हे कागदावर येऊ द्या. कोणी गेलं तर पुढे काय, हे सगळे जिवंत आणि हसतखेळत असतानाच ठरवा. आणि घरासाठी नॉमिनेशनवर थांबू नका, मृत्युपत्र करा. विश्वास आहे म्हणून लिहीत नाही, असं लोक म्हणतात. मी म्हणतो, विश्वास आहे तोवरच लिहिणं सोपं असतं.

सेक्रेटरी घड्याळ बघतायत. चला, जेवायला.