लहान कंत्राटदार लहानच का राहतो?

अक्कलकोट, सांगोला किंवा करमाळा तालुक्यातल्या एखाद्या गावात शाळेची खोली किंवा गटार बांधणारा कंत्राटदार बहुधा जवळपासचाच असतो. चार गवंडी, एक मिक्सर आणि भाड्याचा ट्रॅक्टर, एवढे त्याचे भांडवल. पंधरा वर्षांनी पाहावे तर पुष्कळदा तो तिथेच असतो. त्याचे कष्ट कमी पडले असे नव्हे. सरकारी काम कोणत्या पद्धतीने दिले जाते, यावर त्याची वाढ अवलंबून असते.

पहिली पायरी आपल्या राज्याने चांगली बांधली आहे. ठराविक रकमेपर्यंतची छोटी कामे सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, मजूर सहकारी संस्थांना आणि खुल्या निविदेने, अशी वाटली जातात. नवख्याला त्यामुळे हात मिळतो.

अडचण दुसऱ्या पायरीवर आहे. केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ मध्ये पात्रतेचे निकष सांगितले. त्यानुसार अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन, ५० टक्क्यांची दोन किंवा ८० टक्क्यांचे एक तत्सम काम पूर्ण केलेले असावे. राज्यातल्या निविदांतही याच धर्तीच्या अटी दिसतात. आता हिशेब करा. ५ कोटींच्या कामासाठी २ कोटींची तीन कामे केलेली हवीत. आपल्या माणसाने १० लाखांची ५० कामे केली, म्हणजे एकूण ५ कोटींचे बांधकाम केले, तरी त्यातले एकही धरले जात नाही.

त्यात अनेक गावांची कामे एकत्र करून एकच मोठी निविदा निघाली, की मधली पायरीच नाहीशी होते. एकाच कंत्राटदारावर देखरेख करणे कार्यालयाला सोपे जाते, मोठी यंत्रसामग्रीही मिळते, हे खरे. पण स्थानिक माणूस मग पोटकंत्राटदार होतो. काम तो करतो, अनुभवाचा दाखला मात्र मुख्य कंत्राटदाराला मिळतो. पुढच्या निविदेला तो पुन्हा अपात्रच!

बिलाचेही तसेच. २०२५ च्या जुलैत शेजारच्या सांगली जिल्ह्यात जलजीवन मिशनची कामे करणाऱ्या एका तरुणाने आत्महत्या केली. बिले थकल्याचे त्याच्या निकटवर्तीयांनी सांगितले. त्याच्या नावावर थेट काम नव्हते, असे शासनाकडून सांगण्यात आले. पोटकंत्राटदाराचे नाव कागदावर नसते, याचा अर्थ इतका कठोर असू शकतो.

केंद्राच्या २०१२ च्या धोरणात सूक्ष्म व लघु उद्योगांकडून २५ टक्के खरेदीची तरतूद आहे. पण ती वस्तू आणि सेवांसाठी. बांधकामाची कंत्राटे त्यात येत नाहीत. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या २०२१ च्या सूचनांनुसार चालू बिलाच्या देय रकमेपैकी किमान ७५ टक्के १० कामकाजाच्या दिवसांत द्यावेत. लहान कंत्राटदाराला ही शिस्त सवलतीपेक्षा मोलाची आहे.

यासाठी दर्जाची अट सैल करण्याची गरज नाही. वेगळी करता येतील ती कामे वेगळी काढावीत. पोटकंत्राटदाराची नोंद करून त्याने केलेल्या कामाचा दाखला त्यालाच द्यावा. दोन-तीन लहान कंत्राटदारांना भागीदारीत निविदा भरू द्यावी. आणि मोजमाप झाले की बिल अडकू नये. एवढे झाले तरी आज शाळेची खोली बांधणारा उद्या तालुक्यातला पूल बांधू शकेल.