पृथ्वीनिकट लघुग्रह : धोका आणि पूर्वसूचना

(रायपूर येथे विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानातून)



रायपूरच्या पश्चिमेस, महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यात लोणार सरोवर आहे. बेसाल्ट खडकातील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर अशनीच्या आघाताने निर्माण झाले. असे मोठे आघात अत्यंत विरळ असले, तरी अशक्य नाहीत.

१४० मीटरहून मोठे व पृथ्वीच्या कक्षेपासून ०.०५ खगोलीय एककांच्या आत येणारे लघुग्रह संभाव्य धोकादायक मानले जातात. मात्र लहानांकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कच्या आकाशात सुमारे २० मीटरचा अशनी फुटला. सूर्याच्या दिशेने आल्यामुळे तो आधी कोणास दिसलाच नव्हता. सुमारे १,५०० लोक, बहुतांशी फुटलेल्या काचांमुळे, जखमी झाले.

भूकंप टाळता येत नाही. लघुग्रहाचा आघात टाळणे मात्र शक्य कोटीतले आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाच्या ‘डार्ट’ यानाने डिडिमॉस लघुग्रहाच्या डायमॉर्फस या उपग्रहावर धडक देऊन त्याचा परिभ्रमणकाळ सुमारे अर्ध्या तासाने घटवला. परंतु धोका अनेक वर्षे आधी ओळखला, तरच हा उपाय उपयोगी ठरतो. म्हणून आकाशाचे अखंड सर्वेक्षण हीच संरक्षणाची पहिली पायरी होय.