सांजेला उमलणारी फुले
(कोलाड येथे प्रौढ साक्षरता वर्गाच्या संध्याकाळच्या बैठकीत केलेले भाषण)



आज मी तुम्हांला फुलांविषयी चार गोष्टी सांगणार आहे. फुले म्हटली की देवपूजा आठवते, वेणी आठवते. पण माझी फुले डोक्यात माळायची नाहीत. ती तुमच्या परसातल्या मांडवावर आहेत. शिराळ्याची फुले, दुधीची फुले, पडवळाची फुले. सकाळी नऊ-दहा वाजता पाहायला जाल तर ती मिटलेली, मलूल झालेली दिसतील. ती उमलतात दिवस कलल्यावर, गुरे घरी परतण्याच्या वेळेला.

यात सांगण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. सांगतो.

पावसाळ्यात आपल्याकडे घरोघरी मांडव चढतो. शिराळ्याचा वेल मांडवभर पसरतो. फुले येतात, बोटाएवढी शिराळी दिसू लागतात. घरची बाई मनात हिशेब करते, की आठ दिवसांनी चार शिराळी घरात आणि दहा नाक्यावरच्या बाजारात. आणि मग काय होतं? ती बोटाएवढी शिराळी पिवळी पडतात, सुकतात आणि गळून जातात. कोणी म्हणतो, दृष्ट लागली. मग मांडवाला जुनी चप्पल टांगली जाते. कोणी म्हणतो, खत कमी पडलं. मग मूठमूठ युरिया पडतो. युरियाने वेल आणखी माजतो, पाने हाताएवढी होतात, पण फळ काही धरत नाही. पैसे गेले ते गेलेच.

यातले कारण बहुधा फुलाच्या वेळेत असते.

शिराळ्याच्या एकाच वेलावर दोन तऱ्हेची फुले येतात. एक नराचे, एक मादीचे. नराची फुले घोसाने येतात आणि आधी येतात. त्यांच्या मागे नुसता देठ असतो. त्यांना पुष्कळ लोक वांझ फुले म्हणतात आणि खुडून टाकतात. तसे करू नये. वांझ कसली, बाप आहेत ती! मादीचे फूल एकेकटे येते आणि त्याच्या मागे बारीकसे शिराळे आधीपासूनच असते. ते शिराळे पुढे वाढायचे तर नराच्या फुलातला पिवळा पराग मादीच्या फुलात पोचला पाहिजे. पराग चिकट असतो. वाऱ्याने तो उडत नाही. कोणीतरी तो अंगावर वाहून न्यावा लागतो. नेला नाही, तर मागचे बारीक शिराळे पिवळे पडून गळते.

मग हा पराग नेतो कोण? काकडी, कारले, तांबडा भोपळा यांची फुले पहाटे-सकाळी उमलतात. त्यांच्याकडे मधमाशी येते. शिराळ्याचे फूल साधारण पाच-सहा वाजता उमलते. रंग फिका पिवळा, वास मंद. दुधीचे फूल पांढरे, पडवळाचे पांढरे आणि कडेने जाळीच्या झालरीसारखे. काळोखात तांबडा रंग दिसत नाही, पांढरा दिसतो. वासही काळोखात कामाला येतो. या फुलांनी आपले दुकान रात्रीच्या गिऱ्हाइकासाठी मांडले आहे. मधमाशी उजेड असेपर्यंत शिराळ्यावर येऊन जाते, पण अंधार पडल्यावर खरे गिऱ्हाईक म्हणजे पतंग.

पतंग म्हणजे दिव्यावर येणारा तो चिमुकला किडा एवढाच नव्हे. दिवेलागणीला दुधीच्या मांडवाजवळ उगी उभे राहा. एखादा बोटाएवढा जाड पतंग येईल. तो फुलावर बसत नाही. हवेत एका जागी थांबून पंख भिरभिरवतो आणि लांब सोंड फुलात घालून मध पितो. याची अळी तुम्ही पाहिलेली आहे. अळूच्या पानावर जाडजूड, शेपटीकडे शिंगासारखा काटा असलेली अळी असते ना, ती याच जातीच्या पतंगांपैकी. अळूची चार पाने ती खाते हे खरे. पण दुधी पाहिजे असेल तर एवढी उधारी सोसावी, असे माझे मत आहे.

आता एक गंमत पाहा. शिराळे आणि घोसाळे ही सख्खी भावंडे. पाने सारखी, वेल सारखा. पण घोसाळ्याचे फूल गर्द पिवळे आणि ते उमलते पहाटे. शिराळ्याचे फिके आणि ते उमलते सांजेला. एकाच घरातल्या दोघांनी दोन पाळ्या वाटून घ्याव्यात तसे! दोघे एकाच मांडवावर चढवलेत तरी शिराळ्याचे नर फूल घोसाळ्याच्या कामाचे नाही.

असे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. आफ्रिका खंडाच्या दक्षिणेला एक कंदवर्गीय झाडांची जात आहे. तिचे नाव हेस्पेरँथा. ग्रीक भाषेत हेस्पेरॉस म्हणजे सांज आणि अँथॉस म्हणजे फूल. नावच सांजफूल! जे केशर आपण सणावारी दुधात घालतो त्याच्या कुळातली ही झाडे. पुण्या-मुंबईच्या फुलबाजारात लांब दांड्याचे ग्लॅडिओलस मिळते, तेही याच कुळातले. हेस्पेरँथाचे ऐंशीच्या आसपास प्रकार आहेत. त्यातल्या कित्येकांची फुले पांढरी, सुवासाची. ती दिवसभर मिटून असतात आणि सांजेला उमलून पतंगांना बोलावतात. पण त्याच जातीचा एक प्रकार ओढ्याकाठी वाढतो. त्याचे फूल लालभडक, त्याला वास नाही आणि ते दिवसा उघडे असते. त्याच्याकडे मोठी फुलपाखरे येतात. म्हणजे आपल्या शिराळ्या-घोसाळ्यासारखाच प्रकार. पाहुणा ज्या वेळी येणार, त्या वेळी दार उघडायचे आणि त्याला दिसेल असा रंग लावायचा. हे झाड आपल्या कुंडलिकेच्या खोऱ्यात नाही. पण त्याची रीत आपल्या मांडवावर आहे.

बरे, पाहुणा आलाच नाही तर? पावसाळ्यात हे वारंवार होते. ऐन संध्याकाळी सर आली की पराग भिजून फुकट जातो आणि पतंगही उडत नाही. अशा वेळी हे काम आपण हाताने करावे. त्याला पैसा लागत नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास, पाऊस नसेल तेव्हा, नुकते उमललेले नर फूल देठासह खुडावे. त्याच्या पाकळ्या काढून टाकाव्यात. मधला पिवळा दांडा मादीच्या फुलातल्या मधल्या गोंड्याला हलकेच दोन-तीनदा लावावा. घासू नये. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरते. शिराळे, दुधी आणि पडवळ यांना हे काम संध्याकाळी करावे. घोसाळे, काकडी, तांबडा भोपळा यांना सकाळी. सकाळी दहा वाजता दुधीला पराग लावीत बसाल तर मेहनत वाया जाईल, कारण फूल तेव्हा मिटलेले असते.

फळमाशीचे मात्र निराळे आहे. फळ गळाले की आधी ते उलटून पाहावे. त्याला टाचणीएवढे भोक असेल, त्यातून डिंक आला असेल आणि आत अळ्या वळवळत असतील, तर तो फळमाशीचा उपद्रव. तेथे पराग लावून उपयोग नाही. अशी फळे खोल पुरावीत. क्यू-ल्यूर नावाच्या औषधाचा सापळा मिळतो, तो मांडवात टांगावा. भोक नसेल, फळ नुसतेच टोकाकडून पिवळे पडून सुकले असेल, तर बहुतेक वेळा पाहुणा चुकलेला असतो.

औषध फवारणाऱ्या मंडळींना एक विनंती आहे. मधमाशा वाचाव्यात म्हणून संध्याकाळी फवारा, असे सांगितले जाते. काकडी-कारल्याला ते ठीक आहे. शिराळ्या-दुधीच्या मांडवावर मात्र संध्याकाळी फुले उघडी असतात आणि पतंग यायच्या बेतात असतो. तेथे फवारायचेच झाले तर सकाळी फुले मिटल्यावर फवारावे.

दिव्याचेही तसेच. कोलाड आता पूर्वीचे राहिलेले नाही. मुंबई-गोवा महामार्ग आहे, कोकण रेल्वेचे स्टेशन आहे, ढाबे आहेत, नदीवर होड्यांच्या खेळासाठी येणाऱ्यांची हॉटेले आहेत. रात्री लखलखाट असतो. दिवे हवेतच, आम्ही चाचपडत राहावे असे कोणी म्हणणार नाही. पण पतंग दिव्याकडे ओढला जातो आणि तेथेच फिरत राहतो. स्वित्झर्लंड देशात शास्त्रज्ञांनी कुरणांवर दिवे लावून पाहिले. दिव्याखालच्या फुलांवर रात्रीच्या किड्यांच्या फेऱ्या शेकडा ६२ ने कमी झाल्या, आणि एका झाडाला फळेही शेकडा १३ ने कमी धरली. हे २०१७ साली छापून आले. तेव्हा परसातला मोठा दिवा मांडवाकडे तोंड करून रात्रभर जळत ठेवू नये. गरज असेल तेव्हा लावावा, मग मालवावा.

आता हे खरे की खोटे, हे तुम्हीच पाहा. आज-उद्या संध्याकाळी शिराळ्याच्या दहा मादी फुलांना हाताने पराग लावा आणि देठाला रंगीत दोरा सैलसर बांधा. दुसऱ्या दहा फुलांना काही करू नका, त्यांना पांढरा दोरा बांधा. घरातल्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत लिहा: ‘शिराळे, रंगीत १०, पांढरे १०.’ एवढे शब्द आणि आकडे आता तुम्हांला लिहिता येतात. सहा-सात दिवसांत धरलेले शिराळे कोवळे काढण्याजोगे होते. दुधीला बारा ते पंधरा दिवस लागतात. त्या वेळी रंगीत दोऱ्याची किती राहिली आणि पांढऱ्या दोऱ्याची किती, ते मोजून त्याच चौकटीखाली लिहा आणि पुढच्या बैठकीला ते कॅलेंडर घेऊन या.