दिल्ली दरवाजा आणि त्याची दिंडी
(सुवर्णमहोत्सवानिमित्त लक्ष्मीबाई नगर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा प्रसंगी भाषा, नाट्य वा संस्कृती यांविषयी बोलावे, असा प्रघात आहे. आम्ही मात्र रस्त्याविषयी बोलणार आहोत. तोही कर्तव्यपथाविषयी नव्हे, तर आपल्या दाराशी येऊन पोहोचणाऱ्या लहानशा रस्त्याविषयी. विषय रूक्ष वाटेल. परंतु परगावी मराठी मंडळाला स्वतःचे अंगण नसते. मुलांचे खेळ, हळदीकुंकवाला निघालेल्या भगिनींची ये-जा, ज्येष्ठांची सायंकाळची फेरी, हे सारे दोन घरांच्या मधल्या रस्त्यावरच घडते. तो रस्ता परक्या वाहनांनी व्यापला, की मंडळाचे निम्मे जीवन घराच्या आत कोंडले जाते.

काशीस जन्मलेल्या आणि झाशीसाठी लढलेल्या मराठी कन्येचे नाव या वसाहतीस लाभले आहे. स्वगृहापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांना याहून शोभणारा पत्ता मिळणे कठीण. (शेजारच्या सरोजिनी नगरचे जुने नाव विनयनगर. तेथील बाजारात शनिवारी सायंकाळी मोटार हाकणाऱ्यांकडे पाहता नाव बदलले ते योग्यच झाले, असे वाटते!) वसाहतीचे स्थानही मोठे मोक्याचे, आणि दुखण्याचे मूळ तेच आहे. पूर्वेस अरविंदो मार्ग, पश्चिमेस सरोजिनी नगरचा बाजार, दक्षिणेस थोड्याच अंतरावर रिंग रोड. आय.एन.ए. बाजाराची गर्दी होतीच. 1994 साली तिच्यात दिल्ली हाटची भर पडली. 2018 साली बारापुल्ला उन्नत मार्ग आय.एन.ए.पर्यंत येऊन पोहोचला आणि पूर्व दिल्लीकडून येणारा मोटारींचा ओघ याच चौकापाशी उतरू लागला. त्याच वर्षी मेट्रोची दुसरी मार्गिकाही येथे आली, हे उपकारही विसरता कामा नयेत. जुलै 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मान्यता दिली. त्या योजनेनुसार 12,970 जुन्या घरांच्या जागी 25,667 नवी घरे व्हावयाची. आणि त्या सातांपैकी सरोजिनी नगर, नेताजी नगर व नौरोजी नगर या तिन्ही आपल्या शेजारच्या. रस्ते मात्र पूर्वी होते तेवढेच.

मोठा रस्ता तुंबला, की चालक आडवाट शोधतो. पूर्वी आडवाट ठाऊक असण्यासाठी त्या भागाची माहिती लागे. आता खिशातला दूरध्वनीच सांगतो, “डावीकडे वळा, तीन मिनिटे वाचतील.” त्याची तीन मिनिटे वाचतात, आणि आपल्या दारासमोर चेंडूमागे धावणाऱ्या मुलावर काय बेतू शकते, याचा हिशेब त्या नकाशात कोठेही नसतो.

तो हिशेब आपणच करू. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरा. ताशी 30 किलोमीटर वेगाची मोटार कोरड्या रस्त्यावर साधारण 13 मीटरांत थांबते. ताशी 50 वेगाच्या मोटारीला सुमारे 28 मीटर लागतात. म्हणजे पहिली मोटार जेथे पूर्ण थांबलेली असते, तेथे दुसरीच्या चालकाचा पाय ब्रेकवर जेमतेम पडत असतो.

मग उपाय कोणता? दिल्लीत सर्वत्र आढळणारा उपाय म्हणजे लोखंडी फाटक, कुलूप आणि खुर्चीवर बसलेला चौकीदार. आम्हांस तो मान्य नाही. फाटक मोटार अडवते, तशीच घरकामाला येणारी बाई, भाजीवाला आणि दप्तर घेतलेला मुलगाही अडवते. मोटारीला वळसा दोन मिनिटांचा, पायी चालणाऱ्याला वीस मिनिटांचा. शिवाय रस्ता सार्वजनिक आहे, आपल्या खाजगी मालकीचा नव्हे.

येथे आपल्या पूर्वजांकडे पाहावे. पुण्याच्या शनिवारवाड्याचा मुख्य दरवाजा उत्तरेकडे तोंड करून उभा आहे आणि त्याचे नावच दिल्ली दरवाजा. त्या अजस्र दरवाजाच्या एका फळीत माणूस वाकून जाईल एवढी लहानशी दिंडी आहे. मोठा दरवाजा बंद, दिंडी उघडी: हत्ती अडतो, माणूस जातो. गावोगावच्या वाड्यांतही हीच रीत होती.

नगररचनाकारांनी हीच गोष्ट निराळ्या शब्दांत सांगितली. 1929 साली न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यात क्लॅरेन्स पेरी यांनी असे मांडले, की मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जावेत आणि आतील रस्ते आरपार जाणाऱ्यास सोयीचे नसावेत. चंडीगडचे सुमारे 800 मीटर रुंद व 1200 मीटर लांब सेक्टर याच विचारातून आले. हॉलंडमधील डेल्फ्ट गावाने रहिवासी रस्त्यावर मोटारीने पादचाऱ्याच्या गतीने चालावे अशी व्यवस्था केली आणि 1976 साली त्या देशाने तिला कायद्यात स्थान दिले.

आपल्या मागणीचे स्वरूप साधे आहे. ब्रिगेडियर होशियार सिंग मार्गासारखे रस्ते वाहतुकीसाठीच आहेत. त्यांविषयी तक्रार नाही. घरांच्या रांगांमधील जो रस्ता आरपार जातो, त्याच्या मध्यावर खांब रोवावेत. पादचारी, सायकल, अपंगांची चाकाची खुर्ची निघेल एवढे अंतर खांबांत असावे. मधला खांब कुलपाने निघणारा असावा, म्हणजे रुग्णवाहिका व बंब अडणार नाहीत. प्रत्येक घरापर्यंत मोटार पोहोचेल. फक्त एका बाजूने शिरून दुसरीकडे निसटता येणार नाही. काही रहिवाशांना स्वतःलाच वळसा पडेल आणि ते रागावतील. त्यांना ते आधीच सांगितलेले बरे.

गतिरोधकांविषयी एक शब्द. रातोरात सिमेंट ओतून केलेला उंचवटा म्हणजे वृद्धांच्या पाठीशी वैर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा. तसा असेल तर मोटार ताशी 25 च्या वेगाने सुखरूप जाते, आणि आपल्याला हवा तोच वेग आहे.

एक अडचण खरी आहे. आपल्या गल्लीत खांब रोवले, तर ओघ शेजारच्या गल्लीत शिरेल. म्हणून ही मागणी एकट्या मंडळाची असू नये. शेजारच्या रांगांतील तमिळ, बंगाली, पंजाबी कुटुंबांच्या सह्या तीवर हव्यात. सोसायचे सर्वांनाच आहे.

नवी दिल्ली नगरपालिका परिषदेकडे आणि वाहतूक पोलिसांकडे जावयाचे तर रिकाम्या हाताने जाऊ नये. महाविद्यालयीन मुलांनी सकाळी 8 ते 10 या वेळेत रस्त्याच्या दोन्ही टोकांशी बसावे आणि प्रत्येक मोटारीच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक व वेळ वहीत टिपावी. एका टोकाशी नोंदलेला क्रमांक चार-पाच मिनिटांत दुसऱ्या टोकाशी दिसला, तर ती मोटार केवळ वाट काढणारी; आपल्याकडे कोणाला भेटावयास आलेली नव्हे. कामाचे तीन दिवस घ्यावेत, सुटीचा दिवस नको. सायंकाळी वह्या एकत्र करून बेरीज करावी. वह्या आणि पेन्सिली मंडळाच्या कपाटात आहेत, असे चिटणीसांनी आत्ताच आमच्या कानात सांगितले आहे.